ज्याला उठून जाता येत नाही

व्यक्तीच्या स्वातंत्र्याची हद्द कोठे संपते आणि समाजाच्या अधिकाराची कोठे सुरू होते, हा प्रश्न तत्त्वज्ञांच्या ग्रंथांत जितका गहन आहे तितकाच तो धुराने कोंदलेल्या एखाद्या लहानशा मद्यगृहातही गहन असतो. मात्र ग्रंथ वाचकाला हवा तेव्हा मिटता येतो, आणि त्या मद्यगृहात मध्यरात्रीपर्यंत राबणाऱ्या सेविकेपुढे तोच प्रश्न श्वासागणिक उभा राहतो. सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला बंदी असावी की नसावी, हा वाद आजवर बहुधा दोन पक्षांत झाला: एकीकडे ओढणाऱ्याचे स्वातंत्र्य, दुसरीकडे त्याच्या हिताची चिंता वाहणारे सरकार. या दोघांच्या तंट्यात ज्याची बाजू सर्वांत आधी ऐकली जावयास हवी होती, तो तिसरा माणूस साक्षीलाही बोलावला गेला नाही. जो त्या जागेतून उठून जाऊ शकत नाही, तोच या वादाचा खरा फिर्यादी आहे, आणि त्याच्या दृष्टीने पाहिले म्हणजे बंदीचे समर्थन व तिची मर्यादा ही दोन्ही एकाच वेळी स्पष्ट होतात, असे माझे मत आहे.

या विचाराला जर्मनीतील गेर्लिंगेन या गावाचा आधार घेण्यास सबळ कारण आहे. स्टुटगार्टच्या पश्चिमेस, शहरातून निघालेली यू-६ ही ट्राम जेथे विसावते तेथे, द्राक्षमळ्यांच्या कुशीत वसलेले हे सुमारे वीस हजार वस्तीचे गाव आहे. कवी शिलरच्या घराण्याची स्मृती नावात जपणाऱ्या त्याच्या टेकडीवर बॉश या उद्योगसंस्थेचे मुख्यालय आहे. नाशिकच्या सातपूर वसाहतीत याच संस्थेचा कारखाना असून, जुन्या ‘मायको’ या नावाने तेथील चौक अद्याप ओळखला जातो. त्यामुळे गेर्लिंगेन हे नाव कित्येक मराठी अभियंत्यांच्या घरांत सहज उच्चारले जाते. परंतु त्याच टेकडीवर आणखी एक वास्तू होती, आणि आपल्या विषयाशी तिचा संबंध अधिक निकटचा आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर क्षयरोग्यांसाठी उभारलेले आरोग्यधाम पुढे फुप्फुसविकारांचे विख्यात रुग्णालय झाले, आणि अलीकडे ते स्टुटगार्टच्या रॉबर्ट बॉश रुग्णालयात विलीन होईपर्यंत दशकानुदशके श्वासासाठी झगडणारी माणसे ही टेकडी चढत राहिली.

ज्या राज्यात हे गाव येते त्या बाडेन-व्युर्टेम्बर्गचा धूम्रपानबंदीचा कायदा १ ऑगस्ट २००७ रोजी अमलात आला. शाळा, रुग्णालये, सरकारी कचेऱ्या आणि भोजनगृहे त्याच्या कक्षेत आली. पण मोठ्या भोजनगृहांना धूम्रपानासाठी स्वतंत्र दालन राखण्याची मुभा मिळाली, आणि जत्रांतील बिअरचे व वाइनचे तंबू तर पूर्णतः वगळले गेले. ज्यांच्याकडे एकच खोली होती अशा लहान मद्यगृहांचे मालक या भेदाने संतापले, आणि ट्युबिंगेनच्या अशाच एका मालकाची तक्रार कार्ल्सरूए येथील संविधान न्यायालयात पोहोचली. ३० जुलै २००८ रोजी लागलेला तिचा निकाल आपल्याकडील विधिमंडळांनीही अभ्यासावा अशा योग्यतेचा आहे. लोकांच्या आरोग्याचे रक्षण हे इतके श्रेष्ठ प्रयोजन आहे की त्यासाठी कोणताही अपवाद न ठेवता सरसकट बंदी घालण्याचा अधिकार कायदेमंडळाला आहे, असे न्यायालयाने मान्य केले. परंतु कायदेमंडळाने एकदा मोठ्यांना सवलत दिली, म्हणजे तिचा लाभ ज्यांना घेताच येत नाही त्या लहानांवर बंदीचा सारा भार टाकणे अन्यायाचे होय, असेही बजावले. नवी तजवीज होईपर्यंत, ७५ चौरस मीटरांहून लहान, शिजवलेले अन्न न देणाऱ्या आणि अठरा वर्षांखालील कोणासही प्रवेश नसलेल्या मद्यगृहांना ‘धूम्रपानगृह’ अशी पाटी लावून चालू राहण्याची परवानगी मिळाली. राज्याने पुढे हीच सवलत कायद्यात समाविष्ट केली. शेजारच्या बव्हेरियाने मात्र दुसरा मार्ग पत्करला: ४ जुलै २०१० च्या लोकमतात सुमारे ६१ टक्के मतदारांनी अपवादरहित बंदीला कौल दिला.

तर्काच्या दृष्टीने कार्ल्सरूएचा निकाल निर्दोष आहे; तरीही त्यातून निघालेली व्यवस्था मनाला पटत नाही. ७५ चौरस मीटर, म्हणजे सुमारे ८०० चौरस फूट, हे माप मालकाच्या नुकसानीचे आहे. त्या खोलीत दिवसाचे आठ तास पेले भरणाऱ्या माणसाच्या फुप्फुसांचे नव्हे. जागा जितकी लहान तितका धूर दाट, आणि संरक्षण मात्र तितकेच कमी, असा विपरीत हिशेब त्या मापाने मांडला. अपवादाची किंमत नेहमी कोणीतरी चुकती करतोच, आणि बहुधा तो चुकती करणारा अपवाद मागण्यास दरबारात गेलेला नसतो.

यावर वरवर पटण्याजोगे उत्तर दिले जाते ते असे, की सेवकाला धूर सोसत नसेल तर त्याने दुसरी नोकरी पाहावी. हा युक्तिवाद आपल्याला नवा नाही. मुंबईच्या गिरण्यांत सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत राबणाऱ्या कामगारांनाही हेच सांगण्यात येत होते. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये त्यांची संघटना बांधली नसती आणि अनेक वर्षे अर्ज-विनंत्या व सभा करून १० जून १८९० रोजी साप्ताहिक सुटी मिळवली नसती, तर तो युक्तिवाद आणखी किती काळ चालला असता, हे सांगता येत नाही. खुद्द रॉबर्ट बॉश यांनी १९०६ मध्ये स्टुटगार्टच्या आपल्या कारखान्यात आठ तासांचा दिवस लागू केला. पोटासाठी दिलेली संमती ही पूर्ण संमती नव्हे, हे तत्त्व कामाच्या तासांना जसे लागू पडते तसेच कामाच्या जागेतील हवेलाही लागू पडले पाहिजे.

जर्मन मनाला अशा बंदीचा जो विशेष संकोच वाटतो, त्यालाही इतिहासाचा आधार आहे, आणि तो आदराने समजून घेतला पाहिजे. बर्लिनच्या रस्त्यांवर धूम्रपान करण्यास मनाई होती, आणि १८४८ च्या मार्च महिन्यातील क्रांतीत ती मनाई उठवण्याची मागणी नागरिकांच्या हक्कांच्या मागण्यांबरोबर केली गेली. रस्त्यात मोकळेपणी ओढलेली चिरूट ही काही काळ नागरिकत्वाची खूण ठरली. पुढे नाझी राजवटीने तंबाखूविरुद्ध मोहीम उघडली ती, प्रत्येकाचे शरीर ही राष्ट्राची मालमत्ता आहे, या भयंकर कल्पनेच्या आधारावर. त्या अनुभवातून गेलेल्या समाजाने आरोग्याच्या नावाने निघालेल्या प्रत्येक फर्मानाकडे साशंकतेने पाहावे, हे स्वाभाविक आहे. परंतु फुप्फुसाच्या कर्करोगाशी तंबाखूचा संबंध १९२९ मध्येच मांडणारे आणि दुसऱ्याच्या धुराने होणाऱ्या अपायाकडे आरंभीच लक्ष वेधणारे जर्मन वैद्य फ्रिट्झ लिकिंट यांनाच नाझी राजवटीत आपले पद गमवावे लागले होते, हेही विसरता कामा नये. सत्य हे कोणत्याही राजवटीचे वतन नसते. १९८१ मध्ये जपानच्या ताकेशी हिरायामा यांनी, स्वतः कधीही न ओढणाऱ्या परंतु धूम्रपानी पतीसोबत राहणाऱ्या स्त्रियांमध्ये फुप्फुसाचा कर्करोग अधिक आढळतो, असे दाखवून दिले. आणि आज जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार इतरांच्या धुरामुळे दरवर्षी दहा लाखांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडतात. नाझींच्या मनाईचा आधार ‘तुझे शरीर तुझे नाही’ हा होता. आजच्या बंदीचा आधार ‘त्याचे शरीर तुझे नाही’ हा आहे. या दोहोंमधील अंतर हे जुलूम आणि न्याय यांमधील अंतर आहे.

आपल्याकडे हाच भेद एका थोर वादात पूर्वीच तपासला गेला आहे. विवाहसंबंधासाठी मुलीच्या संमतीचे वय दहावरून बारा करणारा १८९१ चा कायदा येऊ घातला तेव्हा परक्या सरकारने घराच्या उंबरठ्याआत येऊ नये, अशी टिळकांची भूमिका होती. ‘सुधारक’कार आगरकर, जे मिल आणि स्पेन्सर यांच्या व्यक्तिस्वातंत्र्यवादी विचारांवर वाढलेले होते, ते मात्र कायद्याच्या बाजूने उभे राहिले. यात विसंगती नव्हती. ज्या मुलीला नकार देता येत नव्हता, तिच्या वतीने नकार नोंदवण्यासाठी आगरकरांना कायदा हवा होता. स्वातंत्र्याचा खरा उपासक सत्तेचा हस्तक्षेप मागतो तो केवळ अशाच माणसासाठी.

हीच कसोटी लावली म्हणजे बंदीची मर्यादाही ठरते. बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये मुलांची क्रीडांगणे आणि बसथांबे यांपर्यंत बंदी नेण्याचा विचार अलीकडे पुढे आला, तो मला रास्त वाटतो. कारण झोपाळ्यावरचे मूल आणि गाडीची वाट पाहणारा वृद्ध या दोघांनाही तेथून हलता येत नाही. परंतु गेर्लिंगेनच्या द्राक्षमळ्यातील मोकळ्या वाटेवर कोणी एकटा ओढीत चालला असेल, तर त्याला हटकण्याचा अधिकार कोणत्याही शिपायाला नसावा. तेथे अपाय उरत नाही, केवळ नापसंती उरते. आणि नापसंतीला कायद्याचे बळ मिळाले की न्याय दुबळा होतो.

आता स्वदेशाकडे वळू. या बाबतीत आपला कायदा जर्मनीच्या मागे नव्हता. केरळ उच्च न्यायालयाने १९९९ मध्ये सार्वजनिक धूम्रपानाला मनाई केली. मुंबईचे माजी महापौर मुरली देवरा यांच्या याचिकेवर २ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने रुग्णालये, शाळा, ग्रंथालये, न्यायालये, कचेऱ्या आणि आगगाड्यांसह सर्व सार्वजनिक वाहने धूरमुक्त करण्याचा आदेश दिला. २००३ चा कायदा आणि २ ऑक्टोबर २००८ पासूनचे नियम यांनी त्याची व्याप्ती भोजनगृहांपर्यंत नेली. पण तीस किंवा अधिक आसनांच्या भोजनगृहास स्वतंत्र धूम्रपानकक्षाची मुभा येथेही राहिलीच, आणि तो कक्ष झाडणारा पोऱ्या कायद्याच्या नजरेतून निसटला तो निसटलाच. दंड दोनशे रुपयांपर्यंत. अंमलबजावणी कोणा अधिकाऱ्याच्या मर्जीवर. कित्येक एसटी स्थानकांत मनाईच्या पाटीखालीच विडी पेटते, आणि तान्ह्या मुलाला घेऊन बसलेली बाई पदराने त्याचे तोंड झाकते. तक्रार कोणाकडे करावी, हे तिला कोणी सांगितलेले नसते.

मात्र या कसोटीला प्रामाणिक राहावयाचे असेल तर आणखी दोन माणसांकडे पाहणे प्राप्त आहे. पहिली, विडी वळणारी स्त्री. सिन्नर-संगमनेरपासून सोलापूरपर्यंत हजारो स्त्रिया सूप मांडीवर घेऊन तेंदूच्या पानात जर्दा भरतात. सोलापूरजवळ कुंभारी येथे गोदूताई परुळेकरांच्या नावाने दहा हजार घरांची वसाहत विडी कामगारांनी मोठ्या लढ्याने उभी केली. निपाणीच्या तंबाखू शेतकऱ्यांनी तर रास्त भावासाठी १९८१ मध्ये रस्ता अडवला आणि पोलिसांच्या गोळ्या झेलल्या. या माणसांनाही आपल्या धंद्यातून सहज उठून जाता येत नाही. त्यांच्या हातांना दुसरे काम देण्याची जबाबदारी न घेता केवळ तंबाखूला शिव्या देणे हे सुधारकाला शोभणारे नाही.

दुसरा माणूस म्हणजे खुद्द ओढणारा. २०१६-१७ च्या पाहणीनुसार भारतातील प्रौढांपैकी २८.६ टक्के कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू सेवन करतात. महाराष्ट्रात धूम्रपान करणारे ३.८ टक्के, तर धूरविरहित तंबाखूच्या आहारी गेलेले २४.४ टक्के आहेत. व्यसनाच्या पकडीत सापडलेला माणूस गुन्हेगार नव्हे, बंदिवान आहे. त्याला दालनाबाहेर जाण्यास सांगणे न्याय्य आहे, त्याचा तिरस्कार करणे नव्हे; आणि बाहेर जाण्यास सांगणाऱ्या सरकारावर, तंबाखूच्या करातून मिळणाऱ्या द्रव्याचा योग्य वाटा व्यसनमुक्तीच्या विनामूल्य केंद्रांवर खर्च करण्याचे ऋण आहे.

म्हणून माझा निष्कर्ष असा: छपराखालील प्रत्येक सार्वजनिक जागेत, मग तिथे तीस आसने असोत वा तीन, बंदी पूर्ण असावी, आकारावरचे व ऐपतीवरचे सर्व अपवाद रद्द व्हावेत, तक्रार कोणाकडे करावयाची त्याचे नाव पाटीवरच असावे, आणि जेथून दूर सरकणे प्रत्येकाला शक्य आहे तेथे कायद्याने आपले पाऊल मागे घ्यावे. कार्ल्सरूएच्या न्यायाधीशांनी अपवादरहित बंदीचा दरवाजा उघडा ठेवला होता. बव्हेरियाच्या मतदारांनी तो ओलांडला. महाराष्ट्राने तो ओलांडावा, आणि ओलांडताना विडी वळणाऱ्या हातांना व व्यसनाने जखडलेल्या माणसांनाही सोबत न्यावे. कायद्याची थोरवी बलवानाला किती मोकळीक मिळाली यावरून ठरत नाही. ज्याला उठून जाता येत नाही, त्याला जागच्या जागी निर्भयपणे श्वास घेता येतो की नाही, यावरून ती ठरते.