पहाटे साडेचारची शिकवणी

सप्टेंबर महिन्यात न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये संध्याकाळचे सात वाजतात, तेव्हा नाशिक-कोल्हापुरात पहाटेचे साडेचार झालेले असतात. तिथलं दहा वर्षांचं मूल शाळा, पोहणं, जेवण उरकून गणिताची वही उघडतं आणि इथे एक शिक्षिका घरच्यांची झोप मोडू नये म्हणून दार लोटून लॅपटॉपसमोर बसते. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेतली घड्याळं तासभर मागे जातात आणि तिची पहाट साडेपाचवर सरकते. मार्चच्या दुसऱ्या रविवारी ती पुन्हा साडेचारवर येते. सिडनीच्या मुलाची शिकवणी तिच्या दुपारच्या जेवणाच्या वेळेला पडते, दुबईच्या मुलाची संध्याकाळी साडेसातला आणि लंडनच्या मुलाची रात्री साडेदहाला. परदेशी गेलेल्या आपल्या माणसांच्या घरोघरी आता अशी एखादी शिक्षिका किंवा शिक्षक आहे. गणितासाठी आहे, विज्ञानासाठी आहे, कोडिंगसाठी आहे, कुठे कुठे मराठीसाठीही आहे.

या व्यवहाराची चर्चा होते ती दोनच अंगांनी: स्वस्त पडतं का, आणि मुलाची प्रगती होते का. दोन्ही प्रश्न रास्त आहेत, पण त्यांच्या आड तिसरा प्रश्न राहून जातो. या बाईंना आपण शिक्षकाचं काम दिलं, शिक्षकाची जागा मात्र दिली नाही. मुलाच्या शाळेला त्या ठाऊक नाहीत, मधल्या कंपनीच्या लेखी त्या तासावर मोजायच्या, पालकांच्या लेखी एक सोय, आणि इथल्या सरकारच्या लेखी तर त्या शिक्षकच नाहीत. या शिकवणीत जे जे बिघडतं, त्यातल्या बहुतेक गोष्टींचं मूळ मला इथे दिसतं.

हा धंदा तसा वीस वर्षं जुना आहे. २००५ च्या सुमारास कोचीत बसून शिक्षक कॅलिफोर्नियातल्या मुलांना गणित शिकवत होते. त्याच वर्षी कृष्णन गणेश यांनी बंगळुरूत ट्युटरव्हिस्टा सुरू केली आणि महिना शंभर डॉलरमध्ये हवी तितकी शिकवणी देऊ केली. त्या काळी अमेरिकेत एका तासालाच चाळीस डॉलर किंवा त्याहून जास्त मोजावे लागत. २०११ मध्ये पिअर्सन या ब्रिटिश प्रकाशन कंपनीने ट्युटरव्हिस्टाची बहुतांश मालकी घेतली. तेव्हा विकली जात होती ती स्वस्त शिकवणी. शिकवणारा भारतातला असणं ही स्वस्ताईची अट होती, इतकंच. आज, विशेषतः २०२० च्या टाळेबंदीनंतर, भारतीय पालक भारतातला शिक्षक आवर्जून शोधतात. कंपनीमार्फत नाही मिळाला, तर तिथल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर विचारतात, नाहीतर गावाकडच्या नातेवाइकांना सांगून ठेवतात. म्हणजे आता पैशापलीकडचं काहीतरी हवं आहे.

ते काय, हे समजून घ्यायला हवं, कारण त्यामागे निव्वळ हाव नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या सरकारी शाळांनी २०१४ पासून आठवीत बीजगणित शिकवणं थांबवून ते सगळ्यांसाठी नववीत नेलं. मुलांमुलांतली दरी कमी व्हावी हा हेतू होता. २०२४ मध्ये शहराच्या मतदारांनी ते आठवीत परत आणावं असा भरघोस कौल दिला. मधल्या दहा वर्षांत ज्या पालकाचं मूल आठवीत होतं, त्याने बाहेर शिक्षक शोधला तर त्याला नावं कशी ठेवणार? त्यातही अमेरिकेतला भारतीय पालक हा चाळणीतून गाळून गेलेला माणूस आहे. संजय चक्रवर्ती, देवेश कपूर आणि निर्विकार सिंग यांनी २०१७ च्या आपल्या पुस्तकात ही चाळणी तिहेरी असल्याचं दाखवलं: आधी जात-वर्गाची, मग परीक्षांची, मग व्हिसाची. परीक्षेच्या जोरावर ज्याचं आयुष्य उभं राहिलं, तो मुलाच्या हातीही तेच साधन देऊ पाहतो. आखातात तर प्रश्न आणखी सरळ आहे. तिथे वास्तव्य नोकरीला बांधलेलं असतं, नागरिकत्व मिळण्याची आशा जवळपास नसतेच; हजारो मुलं सीबीएसईच्या शाळांत शिकतात आणि त्यांतली बरीचशी कॉलेजसाठी भारतात परततात. २०२१ पासून वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेची केंद्रं कुवेत आणि दुबईतही उघडली गेली. दुबईच्या मुलाने पुण्याच्या शिक्षकाकडून भौतिकशास्त्र शिकणं हे दोघांच्याही समोर एकच पुस्तक ठेवून होतं. ती शिकवणी सरळ चालते.

अमेरिकेत तशी चालत नाही, आणि याचं कारण फक्त वेळेतल्या फरकात शोधून भागणार नाही. एकास एक शिकवणीचा उपयोग होतो, यात वाद नाही. बेंजामिन ब्लूम यांनी १९८४ मध्ये मांडलं होतं की असं शिकलेलं सरासरी मूल वर्गातल्या ९८ टक्के मुलांच्या पुढे जातं. तो दावा फार मोठा ठरला. पुढच्या अभ्यासांना परिणाम दिसला, पण बराच कमी. २०२० मध्ये अँड्रे निकाउ, फिलिप ओरिओपोलस आणि व्हिन्सेंट क्वान यांनी अशा ९६ प्रयोगांचा एकत्र अभ्यास केला. मला त्यातल्या दोन गोष्टी या लेखासाठी मोलाच्या वाटतात. शिकवणारा प्रशिक्षित असला तर फायदा जास्त होतो; आणि शिकवणी शाळेच्या वेळेत झाली तर ती शाळेनंतरच्या शिकवणीपेक्षा जास्त लागू पडते. पहिल्या कसोटीला आपल्या बीएड झालेल्या बाई उतरतात. दुसऱ्या कसोटीवर मात्र त्यांना कुणी उभंच करत नाही, कारण शाळेला त्यांचा पत्ताच नसतो.

याचा अर्थ वहीच्या पानावर दिसतो. आपल्याकडे दुसरीतलं मूल हातच्याची बेरीज करतं. अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांनी २०१० नंतर जो सामाईक अभ्यासक्रम स्वीकारला, त्यात बेरीज-वजाबाकीच्या ठरलेल्या रीतीची अपेक्षा चौथीत आहे, गुणाकाराच्या रीतीची पाचवीत आणि भागाकाराच्या रीतीची सहावीत. तोवर मुलाने संख्या फोडून, दशक-एकक वेगळे मांडून, आकृती काढून उत्तर काढावं, असं शाळेला वाटतं. बाई प्रामाणिकपणे हातचा शिकवतात. मूल झटपट उत्तर काढतं, आईवडील खूश होतात, आणि शाळेत शिक्षक विचारतात, तू हे कसं केलंस ते सांग. मुलाला सांगता येत नाही. यात चूक कोणाची? दोन्ही पद्धतींना आपापलं बळ आहे. पाठांतर आणि सराव यांना कमी लेखणाऱ्यांपैकी मी नाही. पाढे पाठ असलेल्या मुलाचं डोकं पुढच्या विचाराला मोकळं राहतं. पण शाळेतल्या शिक्षिका आणि पहाटेच्या बाई एकमेकींशी दहा मिनिटं बोलल्या असत्या, तर हातचा कधी शिकवायचा आणि त्याआधी दशक सुटा करून कसा दाखवायचा, हे त्यांनी ठरवून टाकलं असतं. ते बोलणं होत नाही, आणि दोन शिक्षकांमधला पूल दहा वर्षांच्या मुलाला एकट्याने बांधावा लागतो.

बोलणं का होत नाही? कारण पालक ही शिकवणी शाळेपासून लपवतात, निदान सांगत तरी नाहीत. समाजशास्त्रज्ञ पवन धिंग्रा यांनी २०२० च्या आपल्या पुस्तकात अमेरिकेतल्या भारतीय कुटुंबांच्या शाळेबाहेरच्या अभ्यासाचा वेध घेतला आहे. अशा पालकांकडे शाळांमधले शिक्षक नाराजीने बघतात, मुलांवर ओझं टाकणारे म्हणून बघतात, असं त्यात दिसतं. शाळेला वाईट वाटेल, आपल्याला नावं ठेवतील, ही भीती त्यामुळे खरी आहे. पण ती घालवायचा मार्ग लपवण्यात नाही. शाळेला न सांगितलेली शिकवणी ही शाळेवरच्या अविश्वासाची कबुली होऊन बसते, आणि मूल ती कबुली रोज बरोबर घेऊन वर्गात जातं.

आता बाईंकडे वळू. महाराष्ट्रात प्राथमिक शिक्षणसेवकाचं मानधन कित्येक वर्षं महिना ६,००० रुपये होतं. २०२३ मध्ये ते १६,००० झालं. विनाअनुदानित शाळांत वर्षानुवर्षं तुटपुंज्या पगारावर राबणारे, महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर शिकवणारे, सुट्टीच्या महिन्यांत एक पैसाही न मिळणारे हजारो शिक्षक आपल्या ओळखीचे आहेत. त्यांच्यासोबत लग्नानंतर, बाळंतपणानंतर नोकरी सुटलेल्या शिकलेल्या बायका आहेत. परदेशातल्या चार-पाच मुलांच्या शिकवण्या यांना घर चालवायला खरोखर हातभार लावतात. म्हणून या व्यवहाराविरुद्धचा कोणताही युक्तिवाद ‘हे बंदच करा’ असा असूच शकत नाही. बंद झाल्याने कोणाचं काय होतं, ते चीनने २०२१ मध्ये दाखवलं: देशाबाहेर बसलेल्या परदेशी शिक्षकांच्या शिकवण्यांवर बंदी आली आणि हजारोंचं काम पाहता पाहता गेलं.

पण ‘तिला इथल्यापेक्षा जास्त मिळतं, मग तक्रार कसली?’ हा आक्षेप मला पुरेसा वाटत नाही. तासाचा दर दिसतो. त्याभोवतीचा न दिसणारा वेळ दिसत नाही. नवं मूल मिळावं म्हणून दिलेला फुकटचा डेमो, रात्री केलेली तयारी, पहाटे उठून बसल्यावर पाच मिनिटं आधी आलेला ‘आज जमणार नाही’ हा निरोप, जून ते ऑगस्टची अमेरिकन सुट्टी, आजारपण. यांपैकी कशाचेच पैसे सहसा मिळत नाहीत. मधे कंपनी असेल, तर पालक देतात आणि शिक्षकाला मिळतात यांतलं अंतर दोघांनाही कळत नाही. हे कुठवर जाऊ शकतं, ते २०२१ मध्ये इंग्लंडमध्ये उघडकीस आलं. कोविडने मागे पडलेल्या मुलांसाठी सरकारी पैशाने चाललेल्या शिकवणी योजनेत श्रीलंकेतले सतरा वर्षांचे तरुण गणित शिकवत होते आणि त्यांतल्या काहींना तासाला दोन पौंडांहूनही कमी मिळत होते. बातमी फुटल्यावर शिकवणारा अठरा वर्षांचा असावा, ही अट आली. तिथे सरकार होतं, वृत्तपत्रं होती, म्हणून निदान इतकं तरी झालं. एडिसनच्या घरातल्या शिकवणीवर कोणाची नजर आहे? संयुक्त अरब अमिरातीने २०२३ च्या अखेरीस खासगी शिकवणीसाठी परवाना आणि आचारसंहिता आणली, पण ती तिथे राहणाऱ्यांसाठी. साताऱ्यातून शिकवणाऱ्या बाई त्या चौकटीबाहेरच राहतात. आपल्याकडे २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने गिग कामगाराची व्याख्या केली; पण जेवण पोचवणाऱ्या मुलासाठी आपण जेवढी चर्चा केली, तेवढी या शिक्षकांसाठी केली नाही.

यापुढचा मुद्दा मला सगळ्यांत जिव्हाळ्याचा वाटतो. परदेशात वाढणाऱ्या मुलाच्या आयुष्यात भारतात राहणारी मोठी माणसं किती असतात? आजी-आजोबा, एखादी मावशी, आणि दर आठवड्याला ठरल्या वेळी भेटणाऱ्या या बाई. आजीशी बोलणं दहा मिनिटांत आटपतं. बाईंसोबत मूल आठवड्याला दोन-तीन तास असतं. मायदेश म्हणजे काय, तिथली माणसं कशी असतात, याचा एवढा दीर्घ अनुभव त्याला दुसऱ्या कोणाकडून मिळत नाही. आणि तो अनुभव कोणत्या चौकटीत मिळतो? तास संपल्यावर पडद्यावर तारे उमटतात आणि नऊ वर्षांचं मूल बाईंना गुण देतं. मनाला आलं की आई बाई बदलते. मूल आपली शाळेतली मिसेस मिलर बदलू शकत नाही, तिच्याशी जुळवून घ्यायला शिकतं. गावाकडची बाई मात्र बदलता येते, हे तेही पाहून घेतं. गणिताबरोबर ही उतरंडही त्याच्या मनात बसते, आणि ती बसवण्याचा हेतू कोणाचाच नसतो.

याच्या शेजारी बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळा ठेवून पाहाव्यात. उत्तर अमेरिकेतल्या गावोगावी शनिवार-रविवारी भरणाऱ्या या शाळांत शिकवणारे बहुतेक स्वयंसेवक पालक असतात, अनेकांना शिकवण्याचं प्रशिक्षण नसतं. तरीही तिथल्या ताईंना जागा आहे. त्या गणेशोत्सवात भेटतात, मुलाचे आईवडील त्यांच्याशी आदराने बोलताना मूल बघतं, मुलाने दांडी मारली तर त्या विचारू शकतात. ज्यांना पैसे मिळत नाहीत त्यांना मान आहे, आणि ज्यांना पैसे मिळतात त्यांना तो नाही. हे उलटं का असावं, याचं समाधानकारक उत्तर मला सापडलेलं नाही.

दूरवरून होणारं सगळंच काम असं असतं, असं कोणी म्हणेल. हिशेब तपासणारे, क्ष-किरणांचे अहवाल वाचणारे, सॉफ्टवेअर लिहिणारेही रात्री जागून दुसऱ्या देशाचं काम करतात. मग शिक्षकासाठी वेगळा न्याय कशाला? कारण अहवाल वाचणाऱ्याकडे अहवाल बघत नाही. शिक्षकाकडे मूल बघत असतं, आणि शिकवणाऱ्याला घरात काय किंमत आहे त्यावर ते किती ऐकेल हे ठरतं. दुसरं कोणी म्हणेल की हा सगळा वाद दोन-चार वर्षांपुरताच आहे. २०२३ मध्ये खान अकॅडमीने आपला यंत्रशिक्षक आणला, त्यानंतर असे कितीतरी आले. पहाटे उठणाऱ्या बाईंची गरज उरणार नाही. सरावाची उदाहरणं तपासायला यंत्र पुरेल, हे मान्य. पण मूल उत्तर बरोबर काढूनही बिचकतंय, हे ओळखून तिथेच थांबणं हे जिवंत माणसाचं काम आहे, आणि ते काम टिकवायचं तर ते करणाऱ्याला आजच नीट वागवायला हवं.

नीट वागवणं म्हणजे फार अवघड काही नाही. शाळेच्या शिक्षिकेला पत्र लिहून सांगावं की आमच्या मुलाला अमुक बाई शिकवतात, वर्गात सध्या काय चाललंय ते त्यांना कळवाल का. बऱ्याच शाळा नाही म्हणणार नाहीत, आणि म्हणाल्या तरी वर्गाचं पुस्तक आणि गृहपाठ बाईंकडे पाठवणं पालकांच्या हातात आहे. तास रद्द केला तर त्याचे पैसे द्यावेत. सुट्टीच्या तीन महिन्यांत निदान निम्मं मानधन चालू ठेवावं, कारण सप्टेंबरात त्याच बाई हव्या असतात. महिन्यातून एकदा आईने किंवा वडिलांनी स्वतः पडद्यासमोर बसावं, मुलाबद्दल विचारावं, आणि ते त्यांच्या सोयीने नव्हे तर बाईंच्या सोयीने, म्हणजे भारतातल्या संध्याकाळी आणि तिथल्या सकाळी कामावर निघण्यापूर्वी. मुलाकडून तारे मागणारी खिडकी पालकांनी स्वतः बंद करावी. बाईंची सुट्टीही घरच्या कॅलेंडरवर लिहावी: दिवाळीचे चार दिवस, गौरी-गणपतीचे दोन, आणि ज्या दिवशी त्यांचं स्वतःचं मूल दहावीच्या पेपरला जाणार आहे ती सकाळ.