भरवसा कुणावर आणि किती?

ऑफिसच्या सर्व्हरवरचं शेअर्ड फोल्डर लॅपटॉपला ड्राइव्ह म्हणून जोडायचं, त्यातला प्रोजेक्ट उघडायचा आणि गिटला साधी स्टेटस विचारायची. गिट सरळ नकार देतं. म्हणतं, या रिपॉझिटरीच्या मालकीबद्दल शंका आहे. कोड आपलाच, टीम आपलीच, लॉगिनही आपलंच. पण फोल्डरचा मालक म्हणून सर्व्हरवर दुसऱ्याच खात्याचं नाव असतं. शहापूरला घरी बसून व्हीपीएनवरून काम करताना मला हा एरर चांगलाच ओळखीचा झालाय.

यावर दोन उपाय आहेत. एक, त्या फोल्डरचा पूर्ण पत्ता गिटच्या सुरक्षित यादीत घालायचा. दोन, पत्त्याऐवजी एक तारका टाकायची, म्हणजे ‘सगळंच सुरक्षित’. दुसरा उपाय एकदाच करावा लागतो, म्हणून तो लोकप्रिय आहे. मला मात्र ही तारका तांत्रिक कमी आणि नैतिक प्रश्न जास्त वाटते.

हा एरर आला एप्रिल २०२२ मध्ये, गिटच्या २.३५.२ या आवृत्तीत. अनेकांच्या वापरातल्या मशीनवर वरच्या फोल्डरमध्ये कुणी गुपचूप गिटची सेटिंग्ज ठेवली, तर आपल्या हातून त्याच्या कमांड चालू शकत होत्या. म्हणून गिट आता आधी विचारतं, हे घर कुणाचं? त्याच महिन्यात २.३५.३ आली आणि तारकेची सोयही झाली. कुलूप लावलं आणि पाठोपाठ सगळ्या कुलपांना चालणारी किल्लीही दिली.

त्याआधीची तऱ्हा वेगळी होती. डॉट नेटमध्ये तोच प्रोग्राम सी ड्राइव्हवरून चालवला तर पूर्ण विश्वासाचा, नेटवर्क शेअरवरून चालवला तर संशयाचा. आतला एक बाइटही बदललेला नसायचा, फक्त तो कुठून आला ते बघितलं जायचं. २००८ च्या ३.५ सर्व्हिस पॅक १ मध्ये शेअरवरच्या प्रोग्रामसाठी ही अट सैल झाली.

‘कुठून आला’ यावरून माणसाला जोखण्याची सवय आपल्याकडे कॉम्प्युटरच्या कितीतरी आधीची आहे. १८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमाती कायदा केला, पुढे तो मुंबई प्रांतातही आला. पारध्याच्या पोटी जन्मणं एवढाच गुन्हा पुरेसा होता. १९५२ मध्ये कायदा गेला, पण गावात चोरी झाली की नजर आजही आधी त्याच पालांकडे वळते.

मग प्रत्येक अडवणूक अन्यायच का? इथे मला आमच्याच भागातला दुसरा कायदा आठवतो. शहापूर-मुरबाडमध्ये ठाकर, कातकरी, वारली, महादेव कोळी यांची वस्ती मोठी. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ प्रमाणे १९७४ पासून आदिवासीची जमीन परवानगीशिवाय बिगर-आदिवासीला विकता येत नाही. घरात आजारपण आलं, पैशांची निकड लागली, तर त्या शेतकऱ्यालाही हे कलम एररसारखंच वाटत असणार. जमीन माझी, सही माझी, मग मला का अडवता?

दोन्ही ठिकाणी माणूस अडतोच. फरक अडवणूक कुणाला वाचवते यात आहे. पहिला कायदा माणसाच्या जन्मावरच शिक्का मारत होता आणि तो पुसायची सोय नव्हती. दुसरा व्यवहाराकडे बघतो आणि त्यातल्या दुबळ्या बाजूला सांभाळतो. गिटचा एरर या दुसऱ्या जातीचा आहे. तो माझ्यावर संशय घेत नाही, माझ्या हातून दुसऱ्याची कमांड चालू नये एवढंच बघतो.

तारकेचं रूप जमिनीच्या व्यवहारातही आहे. विशेष कुलमुखत्यारपत्रात ठरावीक काम लिहिलेलं असतं, तेवढाच अधिकार मिळतो. सर्वसाधारण कुलमुखत्यारपत्रात जवळजवळ सगळंच दुसऱ्याच्या हाती जातं. सारखं तहसीलला खेटे घालायला नकोत म्हणून माणूस अंगठा उठवतो. त्याला दोष देण्याआधी त्या खेट्यांकडेही बघायला हवं. जी सुरक्षा सारखी छळते, ती लोकांना तारका टाकायलाच शिकवते. एरर लिहिणाऱ्याने सोपा आणि नेमका मार्ग ठेवला नाही, तर अर्धा दोष त्याचा.

कुणी म्हणेल, मग सगळं तपासूनच विश्वास ठेवू. ते शक्य नाही. युनिक्सच्या केन थॉम्पसन यांनी १९८४ साली छापलेल्या ट्युरिंग व्याख्यानात दाखवलं, की सोर्स कोड स्वच्छ असला तरी कंपायलरच दगा देऊ शकतो. तपास कुठेतरी थांबतो आणि तिथून पुढे भरवसाच लागतो.

पण सगळ्यांवर एकसारखा टाकलेला भरवसा म्हणजे भरवसाच नव्हे, तो कंटाळा. ज्याच्यावर ठेवायचा त्याचं नाव माहीत हवं, कशापुरता ते ठरलेलं हवं आणि वेळ आली तर परत घेता यायला हवा. शिवाय फसलोच, तर किंमत कोण मोजणार हेही आधी विचारायला हवं. माझ्या लॅपटॉपवरची तारका माझीच आहे असं मला वाटतं, पण त्याच लॅपटॉपवरून मी ज्या सर्व्हरला जोडलेला असतो, त्यावर साऱ्या टीमचं काम असतं. म्हणून मी पूर्ण पत्ता टाइप करतो. त्याला अर्धा मिनिट जास्त लागतो.