दोन जिवांचे औषध

गरोदर स्त्रीला आपल्या भाषेत ‘दोन जिवांची’ म्हणतात. ह्या शब्दांत माया आहे, आदर आहे. आणि आम्हांस वाटते, एक कठीण नैतिक प्रश्नही आहे. एका जिवासाठी घेतलेले औषध दुसऱ्याला बाधेल अशी शंका आली, तर मातेने काय करावे? हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडण्याचा विकार जिला आहे, तिच्यापुढे हा प्रश्न रोज गोळी हातात घेताना उभा राहतो.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. गर्भारपणात शरीरातील रक्ताचे प्रमाण सुमारे ४० ते ५० टक्क्यांनी वाढते. नाडी मिनिटाला १० ते २० ठोक्यांनी जलद चालते. म्हणून मधूनच ठोका चुकल्यासारखे वाटणे हे पुष्कळ स्त्रियांच्या अनुभवाचे असते व बहुधा निरुपद्रवी ठरते. परंतु काहींचे ठोके एकाएकी १५० च्या वर जातात आणि तसेच धावत राहतात. रक्तदाब उतरतो, भोवळ येते. आणि मग वारेकडे जाणारा रक्तपुरवठाही घटू शकतो. म्हणजे मातेचे दुखणे तिच्यापुरते राहत नाही.

अशा वेळी घरातील वडीलधारी माणसे मायेपोटीच म्हणतात, “बाळंत होईपर्यंत कळ काढ, गोळ्या नकोत.” ह्या सल्ल्यामागे एक विचार असतो: गोळी घेतल्यामुळे काही विपरीत घडले तर ते आपल्या हातून घडले, गोळी न घेता घडले तर ती देवाची इच्छा. हा विचार आम्हांस मान्य नाही. न करणे हीदेखील एक कृतीच आहे. दार उघडे टाकून निजणाऱ्याने चोरीचा दोष दैवावर घालावा, तसे हे होते. सदसद्विवेकबुद्धी जशी केलेल्याचा जाब विचारते, तशीच टाळलेल्याचाही विचारते.

औषधाची भीती निराधार आहे असे मात्र नव्हे. अमिओडॅरोन ह्या औषधाने बाळाच्या थायरॉइड ग्रंथीवर परिणाम होऊ शकतो. अ‍ॅटेनोलॉलने बाळाची वाढ खुंटू शकते. म्हणून डॉक्टर शक्यतो ती टाळतात, मेटोप्रोलॉलसारखे औषध निवडतात, सोनोग्राफीने बाळाची वाढ तपासत राहतात आणि जन्मानंतर त्याची नाडी व रक्तातील साखर पाहतात. धावते ठोके थांबवण्यासाठी शिरेतून दिले जाणारे अ‍ॅडेनोसिन काही सेकंदांतच रक्तात विरून जाते. प्राणावर बेतले तर कोणत्याही महिन्यात विजेचा झटका देऊन लय पूर्ववत करता येते. ‘लाँग क्यूटी’ नावाच्या आनुवंशिक विकारात तर बीटा ब्लॉकर गटातील गोळ्या बंद करणे हाच मोठा धोका असतो. आणि तो बाळंतपणानंतरच्या महिन्यांत, जागरणाच्या रात्रींत, अधिक वाढतो. तेव्हा ‘बाळंत होईपर्यंत’ हा हिशेबच चुकीचा ठरतो.

एकाच कृतीचे दोन परिणाम असू शकतात, एक हेतूतला व दुसरा हेतूबाहेरचा, असा विचार संत थॉमस अक्वायनस ह्यांनी तेराव्या शतकात स्वसंरक्षणाच्या संदर्भात मांडला. पुढील नीतिशास्त्राने तो वैद्यकालाही लावला. आपले हृदय स्थिर राखण्यासाठी गोळी घेणारी माता बाळाचे अहित इच्छीत नाही. किंबहुना बहुतेक वेळा त्याचेही हितच साधत असते.

येथे कोणी संत जियान्ना मोल्ला ह्यांचे उदाहरण देईल. १९६१ साली, चौथ्या अपत्याच्या वेळी, ह्या इटालियन डॉक्टर मातेच्या गर्भाशयात गाठ आढळली. प्रसंग आलाच तर बाळाला वाचवा, असे त्यांनी सांगून ठेवले. २१ एप्रिल १९६२ रोजी कन्या जन्मली; २८ एप्रिलला त्यांचे निधन झाले. २००४ साली त्यांना संतपद जाहीर झाले. परंतु त्यांनी उपचार नाकारले नव्हते, हे आपण विसरतो. बाळ सुरक्षित राहील अशी, केवळ गाठ काढणारी शस्त्रक्रिया त्यांनी करवून घेतली होती. त्यांचे नाव घेऊन दुसऱ्या मातेच्या हातची गोळी काढून घेणे हा त्या संत स्त्रीवरही अन्याय होय.

त्याग हा ज्याचा त्याने करावयाचा असतो. तो दुसऱ्याकडून वसूल करता येत नाही. आणि ज्याने बाळाचे काहीच भले होत नाही, असे सोसणे हा त्याग नव्हे, ती केवळ हानी होय.

मग कुटुंबाने काय करावे? गर्भधारणेपूर्वीच हृदयरोगतज्ज्ञ व प्रसूतितज्ज्ञ ह्या दोघांचा सल्ला घ्यावा. ऐकीव गोष्टींवरून औषध बंद करू नये, मनाने सुरूही करू नये. बाळ आल्यावर रात्रीची पाळी पतीने, सासूने, नणंदेने वाटून घ्यावी. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, गोळी घेणाऱ्या मातेला अपराधी वाटेल असा शब्द घरात उच्चारू नये. तिच्या छातीतील तो ठोका पोटातले लेकरू ऐकत असते. तो नीट पडावा म्हणून ती जे करते, ते मातृत्वाचेच कर्तव्य आहे.