दोन दीनार

शोमरोनी माणसाने जखमा बांधल्या, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. पण दुसऱ्या दिवशी त्याने उतारशाळेच्या रखवालदाराला दोन दीनार दिले आणि जास्त खर्च झाल्यास परत येताना फेडीन म्हणाला, ह्याकडे आपले फारसे लक्ष जात नाही. त्याच्या दयेला उद्याचा हिशेब ठाऊक होता!

सप्टेंबर २०२० मध्ये 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेत आशाताई घरोघरी फिरल्या. ताप, ऑक्सिजन मोजला, मधुमेह विचारला. काहींनी दारेच उघडली नाहीत. आपली माहिती सरकारला कशाला, हा प्रश्न अगदीच गैर नव्हता. घराकडे बोट दाखवले जाण्याची भीती खरी होती. तरीही एकट्या राहणाऱ्या म्हातारीचे नाव कोणाच्या तरी वहीत असायलाच हवे होते.

आणि वही लिहिणारीलाही पोट असते. जून २०२१ मध्ये मोबदल्यासाठी त्याच आशाताईंना संपावर जावे लागले. मिस्सेत आपण त्यांच्यासाठी प्रार्थना केली, ते योग्यच. पण त्यांचे दोन दीनार कोणी द्यायचे होते?

गावोगावी ग्राम आरोग्य समिती असते. एकट्या वृद्धांची यादी तिच्याकडे आज आहे का, हे विचारायला आपल्यापैकी कोण जाणार?