पारोळ्याचा भाव कुठे ठरतो?

2022 च्या सुरुवातीला खानदेशात कापसाने क्विंटलमागे दहा हजारांचा टप्पा ओलांडला आणि पारोळा तालुक्यातल्या शेतकऱ्याच्या हाती चार पैसे आले. पण त्याच सुमारास किराणा दुकानातल्या तेलाच्या डब्याला हात लावायची सोय उरली नाही. युक्रेनच्या युद्धात सूर्यफूल तेल अडकलं, 28 एप्रिलला इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात बंद केली, आणि ज्या घरात फक्त शेंगदाण्याचं तेल वापरतात तिथेही झळ पोचली. एक तेल महागलं की बाकीची मागे राहत नाहीत. कापूस विकणारा आणि तेल घेणारा माणूस एकच, आणि दोन्ही भाव गावाबाहेर ठरलेले.

खानदेशाने हे पूर्वीही सोसलं आहे. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, इंग्लंडातल्या लँकेशायरच्या गिरण्यांना तिथला कापूस मिळेना, आणि इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला. युद्ध थांबताच भाव गडगडले.

अनुभव असा गाठीशी होता, महागाई कुठून येते याचा विचार मात्र सावकाश घडला. 1923 मध्ये बाबासाहेब आंबेडकरांनी 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी'मध्ये दाखवून दिलं की रुपयाचा परदेशी विनिमयदर स्थिर ठेवल्याने देशातले भाव स्थिर राहतातच असं नाही. 1963 मध्ये अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमन मुंबईत व्याख्यानं द्यायला आले आणि महागाईचं मूळ नेहमी चलनपुरवठ्यातच असतं, असं ठासून सांगून गेले. पुढे दहाच वर्षांत कच्च्या तेलाचे भाव जवळपास चौपट झाले. 1972 च्या दुष्काळाने आधीच होरपळलेल्या महाराष्ट्राला केवळ चलनाचं उत्तर पुरेसं वाटणं शक्य नव्हतं.

2010 मध्ये चिकारेली आणि मोजाँ या अर्थतज्ज्ञांनी 22 विकसित देशांचे आकडे तपासले. त्या देशांच्या महागाईतला जवळपास 70 टक्के चढउतार सगळ्यांना समान असलेल्या एकाच जागतिक घटकाशी जोडलेला निघाला. एखाद्या देशाचा दर त्यापासून दूर गेला तरी कालांतराने तिकडेच वळतो, म्हणून अंदाज बांधताना तो घटक कामी येतो.

आपल्याकडे हा नियम जसाच्या तसा चालत नाही, असं मला वाटतं. कांदा-टोमॅटोचा भाव पावसावर हलतो. शिवाय जगाचा भाव आत येतो तो दिल्लीच्या परवानगीने. मे 2021 मध्ये डीएपी खताच्या गोणीची खरी किंमत 2400 रुपयांवर गेली. केंद्राने अनुदान 500 वरून 1200 केलं आणि शेतकऱ्याला गोणी 1200 लाच मिळाली. महागाई शेतात न उतरता अंदाजपत्रकात जाऊन बसली. कापसाचं उलटं झालं. भाव चढले तेव्हा, एप्रिल 2022 मध्ये, 11 टक्के आयात शुल्क उठवलं गेलं. ऑगस्ट 2025 मध्ये, नवा कापूस वेचणीला येण्याच्या तोंडावर, ते पुन्हा उठलं. दोन्ही वेळा सोय गिरणीची झाली.

रिझर्व्ह बँक महागाईचा अंदाज देताना कच्च्या तेलाचा भाव, रुपयाचा दर आणि पाऊसमान काय धरलं ते सांगते. तसंच कापसावर वर्षभर किती आयात शुल्क राहणार, हे पारोळ्याच्या शेतकऱ्याला जूनमध्ये बियाण्याची पिशवी घेण्याआधी कळलं पाहिजे.