कोरा सोडलेला बगळा

मुंबईत काळा घोडा भागात 1952पासून उभ्या असलेल्या जहांगीर कलादालनात परवा एका चित्रकाराचं जलरंगांचं एकल प्रदर्शन पाहिलं. भातखाचरं, धुक्यातला घाट, कातळावरचं शेवाळ. पण मी खिळून राहिले ती एका बगळ्यापाशी. अगदी जवळ जाऊन पाहिलं, तर बगळ्याच्या जागी रंगच नव्हता! भोवती ओला हिरवा पसरलेला आणि बगळ्यापुरता कागद कोरा सोडलेला. तैलरंगात पांढरा शेवटी वर चढवता येतो. पारदर्शक जलरंगात उजेड कागदाचाच; तो पहिल्या फटकाऱ्याआधीच राखून ठेवावा लागतो.

तो उजेड पाहून कोल्हापूरचे चित्रकार आबालाल रहिमान आठवले. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकून ते गावी परतले. तिथल्या कोटितीर्थ तळ्याचं पाणी, काठची झाडं, त्यावर पडणारं ऊन ते पुन्हा पुन्हा रंगवत राहिले. 1931 साली ते गेले. एकाच तळ्यावर केवढी ही माया!

मी कलादालनाबाहेर आले तेव्हा सर नुकतीच थांबली होती. फुटपाथवरच्या डबक्यात एक झाड थरथरत होतं. शाळेचं दप्तर पाठीला लावलेली एक मुलगी वाकून ते बघत होती. मीही तिच्या शेजारी थांबले.