पाचवे शील आणि कोठडी

१६ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चांद्यात, म्हणजे आजच्या चंद्रपुरात, धम्मदीक्षा दिली. दीक्षेत घ्यायच्या पंचशीलातले पाचवे शील मादक पदार्थांपासून दूर राहण्याचे. ते वरून आलेले फर्मान नव्हे. माणूस ते आपल्या तोंडाने घेतो आणि मोडले तर पुन्हा घेऊ शकतो. व्यसनाचा विचार इथून सुरू व्हावा असे मला वाटते, कारण कायदा दुसऱ्या टोकाकडून येतो. महाराष्ट्राच्या १९४९च्या दारूबंदी कायद्यात परवान्याविना पिणे हा गुन्हा, अमली पदार्थविरोधी एनडीपीएस कायद्याच्या कलम २७ मध्ये अमली पदार्थाचे सेवन हाही गुन्हा. शिक्षा गृहीत धरते की माणूस मोकळेपणी वाईट मार्गाला लागला. पण सकाळी हात थरथरतात म्हणून पहिला घोट घेणारा कितीसा मोकळा असतो? वर्षानुवर्षे पिणाऱ्याची दारू कोठडीत एकदम तुटली तर झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, औषध न मिळाल्यास जीवही जाऊ शकतो. ही शिक्षा कोणत्याच कलमात लिहिलेली नाही.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप बायांचा आहे. चंद्रपुरात दारूबंदीसाठी बायाच रस्त्यावर उतरल्या, डिसेंबर २०१० मध्ये चिमूरहून नागपूरपर्यंत चालत गेल्या. १ एप्रिल २०१५ला लागू झालेली बंदी २०२१ मध्ये उठली, तेव्हा तो घाव त्यांनाच बसला. नवऱ्याला आजारी ठरवले की तो सुटला आणि मार खाल्लेली बाई तशीच राहिली, असे त्या म्हणतील तर ते खरे आहे. म्हणूनच मारहाणीला पुरती शिक्षा हवी. नशेत होतो ही सबब तिथे चालू नये. विकणाऱ्यालाही सूट नको. मात्र बायांना दारू घरातून जायला हवी होती, आणि नवरा तुरुंगातून सुटून आल्यावर तलफ त्याच्याबरोबरच परत येते.

आजारी म्हटल्याने माणसाची जबाबदारी संपते, हेही मला पटत नाही. उपचार तुरुंगापेक्षा जास्त मागतो. गडचिरोलीत २०१६ पासून ‘मुक्तिपथ’ हे व्यसनमुक्ती अभियान गावोगावी शिबिरे आणि तालुक्याला क्लिनिक चालवते. तिथे माणसाने स्वतः यावे लागते. पन्नीत सुपारी, तंबाखू, चुना घोटून दिवसभर खर्रा चघळणाऱ्याला आपण तुरुंगात टाकत नाही, सोड म्हणून समजावतो. तोही व्यसनीच आहे. शिवाय मोहाची दारू गोंड-माडियांच्या देवकार्यात असते. पूजेतला घोट आणि रोजची लत यांतला फरक पोलिसापेक्षा ग्रामसभेला नीट कळतो, आणि अनुसूचित क्षेत्रांसाठीच्या पेसा कायद्याने १९९६ मध्ये मादक पदार्थांवरच्या नियंत्रणाचा अधिकार तिला दिलाही आहे. एनडीपीएसच्या कलम ६४अ नुसार स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनीला खटल्यातून सूट मिळते. दारू पिणाऱ्यालाही तशीच स्पष्ट सूट मिळावी, आणि पोलिसाने त्याला ठाण्याआधी दवाखान्यात न्यावे.